राबिया म्हणजे चवथी

नावाला अर्थ असतो हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होते. परंतु अर्थाला भिऊन माणसे नाव टाकून देतात, किंबहुना नाव ठेवायचेच राहून जाते, हे उमगायला आमची साठी उलटावी लागली. ज्या नावाने ही गोष्ट आम्हाला शिकवली ते आपल्या पंचांगातले नव्हे आणि कोणत्याही सहस्रनामातलेही नव्हे. ते अरबी आहे, स्त्रीचे आहे, आणि आमच्या परसाच्या गडग्यापलीकडेच इतकी वर्षे वावरत होते. ते नाव राबिया.

फोंड्याला आमच्या घरामागे राबियाबाय राहतात. शिवणकाम हा त्यांचा व्यवसाय. चवथ जवळ आली की त्यांच्या यंत्राची घरघर रात्री अकरापर्यंत आमच्या माजघरात ऐकू येते, आणि आमच्या वाड्यावरच्या मुलींचे नवे परकर-पोलके त्या घरघरीतूनच बाहेर पडतात. आमच्या तिन्ही नातींची मापे त्यांना तोंडपाठ आहेत.

गेल्या श्रावणात आमची सून चौथ्यांदा बाळंत झाली. तिसऱ्या मुलीनंतर घरातल्या सर्वांनी मनात जे धरले होते ते आम्ही उघडपणे कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेपुढे बोलून आलो होतो. मुलगा झाला तर देवीला अमुक वाहीन, असा आमचा नवस होता. इस्पितळातून चिरंजीवांचा निरोप आला तेव्हा आमच्या सौ. तांदूळ निवडीत बसल्या होत्या. "चवथेंय चेडूंच?" एवढेच त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा पुढे ओढून घेतले. पहिल्या नातीच्या वेळी आम्ही बर्फी वाटली होती. दुसरीच्या वेळी साखर वाटली. तिसरीच्या वेळी कोणी विचारले तर सांगितले. या वेळी आम्ही पुढचे दार ओढून घेतले आणि वर्तमानपत्र उघडले. हे लिहिताना मान खाली जाते; परंतु लिहायचेच ठरवले तर येथूनच आरंभ केला पाहिजे.

बाळंतीण घरी आली. सहाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी राबियाबाय चार झबली घेऊन आल्या. जुन्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या धोतराची ती झबली होती, कारण नवे कापड कोवळ्या अंगाला टोचते असे त्यांचे मत आहे. सौ.नी सुस्कारा टाकून म्हटले, "कितें सांगूं राबियाबाय, चवथी ती." तशी राबियाबाय मोठ्याने हसल्या आणि मुलीला उचलून घेत म्हणाल्या, "मागीर म्हज्याच नांवाची गे ती!"

आमच्या घरात कोणालाच बोध झाला नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की राबिया या शब्दाचा अर्थच 'चौथी' असा आहे. आम्ही विचारले, "म्हणजे आपण घरातली चौथी मुलगी काय?" त्या म्हणाल्या, "छे, भाऊ! मी सगळ्यांत थोरली. पण आजीने हेच नाव ठेवले. फार मोठ्या बाईचे नाव आहे ते." एवढे बोलून त्या मुलीला झबले घालू लागल्या. थोरल्या मुलीला हौसेने 'चौथी' म्हणणारी ती आजी आमच्या डोक्यातून काही जाईना.

ती रात्र षष्ठीची होती. सटवीपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवून घरातल्या बायका जागत होत्या. सटवी येऊन मुलीच्या कपाळी काय लिहिते ते आपल्याला दिसत नाही. पण आपण तिच्याविषयी मनात काय लिहिले आहे ते आपल्याला दिसत असते. आम्हाला झोप येईना. तेव्हा आम्ही तो शब्दच हाती घेतला.

आजपर्यंत आमची अशी समजूत होती की राबिया म्हणजे वसंत ऋतू, आणि अनेकांची तशी समजूत असते. या समजुतीला एक कारण आहे. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. व्यंजने तीच ठेवून स्वर बदलले की अर्थाच्या शाखा फुटतात. येथे धातू आहे र, ब आणि तिसरे व्यंजन 'ऐन'. हा ऐन घशाच्या तळातून उच्चारायचा वर्ण आहे. तो आपल्या वर्णमालेत नाही, म्हणून मराठीत येताना तो गळतो आणि त्याच्या जागी कधी अ, कधी य उरतो. या धातूपासून 'अर्बा' म्हणजे चार, 'रुबा' म्हणजे चौथा हिस्सा, 'राबिअ' म्हणजे चौथा, आणि आपण 'चौथा'ला ई लावून 'चौथी' करतो तसा तिकडे आकार लावून 'राबिआ' म्हणजे चौथी. आपण तिलाच राबिया म्हणतो. चार ओळींची 'रुबाई' याच घरातली. माधव जूलियनांनी उमर खय्यामाच्या रुबाया मराठीत आणल्या तेव्हापासून ती आपल्याला परकी राहिलेली नाही. अरबीत बुधवाराचे नावही याच धातूवरून पडले आहे, कारण रविवारपासून मोजले असता तो चौथा वार येतो.

वसंताला अरबीत 'रबीअ' म्हणतात. व्यंजने तीच, परंतु स्वरांची मांडणी वेगळी. आपला शेतकरी ज्याला रब्बीचा हंगाम म्हणतो तो शब्द या 'रबीअ'पासून आला आहे, कारण ते पीक वसंतात हाती येते. 'रबीआ' असे एक जुने अरबी नावही आहे. पण ते पुरुषाचे आणि एका मोठ्या टोळीचे आहे. पहिला स्वर दीर्घ की दुसरा, एवढाच फरक. पण त्या फरकाने वसंताची चौथी होते. पुष्कळ आईबापांना मुलीच्या नावाचा अर्थ 'वसंत' असा सांगणे अधिक गोड वाटत असावे. आम्हालाही तेच गोड वाटत होते.

आणि आमची लाज अशी की हा 'अर्बा' आम्हाला मुळीच नवा नव्हता. आमच्या घरी पेटीभर मोडी कागद आहेत आणि ते वाचण्याचा नाद आम्हाला तरुणपणापासून आहे. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी अंकांत लिहिण्याची चाल होती. 'अर्बा सबैन मया व अलफ' असे लिहिले की चार, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७४ हा सन झाला, म्हणजे इसवी १७७३-७४. नारायणराव पेशव्यांचा वध झाला ते हे साल. महिन्यांच्या नावांत 'रबिलावल' आणि 'रबिलाखर' येतात ते वर सांगितलेल्या वसंताचे वंशज. असा शब्द शेकडो वेळा वाचून, बोटाने पुसून, वहीत उतरवूनही गडग्यापलीकडच्या शेजारणीच्या नावात तो आम्हाला कधी ऐकू आला नव्हता.

आता त्या 'मोठ्या बाई'विषयी. आपल्याकडच्या नथीला ज्या गावचे मोती प्रसिद्ध, त्या इराकातल्या बसरा शहरी आठव्या शतकात राबिया अल्-अदविया नावाची साध्वी होऊन गेली. सामान्यतः तिचे निधन हिजरी १८५, म्हणजे इसवी ८०१ साली झाले असे मानतात. तिच्या मागून थोड्याच काळाने बसऱ्यातच होऊन गेलेला थोर गद्यलेखक अल्-जाहिझ तिचा उल्लेख करतो, तेव्हा ती केवळ कल्पनेतली बाई नव्हे. परंतु तिची जी चरित्रकथा लोकांच्या तोंडी आहे ती मुख्यतः फरीदुद्दीन अत्तार या फारसी कवीच्या संतचरित्रांतून आली आहे, आणि अत्तार तिच्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी झाला. आपल्या महीपतीने संतांच्या गोष्टी भाविकपणे एकत्र केल्या, तशीच त्याची दृष्टी होती. तेव्हा ती कथा इतिहास म्हणून नव्हे, भक्तांनी जपलेली आठवण म्हणून वाचावी. केंब्रिजहून १९२८ साली मार्गारेट स्मिथ या विदुषीचा राबियेवरचा ग्रंथ निघाला. त्यानंतरच्या अभ्यासकांनीही इतिहास आणि आख्यायिका वेगळ्या करण्याचे पुष्कळ श्रम घेतले आहेत.

अत्तार सांगतो ते असे. राबिया जन्मली त्या रात्री घरात दिव्याला तेल नव्हते, मुलीच्या बेंबीला लावायला थेंबभर तेल नव्हते, आणि तिला गुंडाळायला चिंधीही नव्हती. आधीच्या तीन मुली होत्या. ही चौथी, म्हणून तिचे नाव राबिया. बाळंतीण म्हणाली, शेजाऱ्याकडून थोडे तेल मागून आणा. परंतु देवावाचून कोणापुढे हात पसरायचा नाही असे बापाचे व्रत होते. तो शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेला, दाराला नुसता हात लावला आणि परत येऊन म्हणाला, त्यांनी दार उघडले नाही. मग गुडघ्यांत डोके घालून तो झोपी गेला. त्याच्या स्वप्नात पैगंबर आले आणि म्हणाले, दुःख करू नकोस; ही मुलगी थोर होणार आहे. पुढे आईबाप वारले, बसऱ्यात दुष्काळ पडला, बहिणींची ताटातूट झाली, आणि राबियेला कोणीतरी धरून थोड्या दिरमांना गुलाम म्हणून विकले. दिवसभर ती मालकाचे काम करी आणि रात्रभर प्रार्थना करी. एका रात्री मालकाला जाग आली. पाहतो तो, प्रार्थनेत असलेल्या राबियेच्या डोक्यावर साखळीवाचून अधांतरी एक दिवा तेवत होता. दुसऱ्या दिवशी त्याने तिला मुक्त केले.

जन्माच्या रात्री ज्या घरात दिवा नव्हता त्या घरातल्या मुलीविषयी लोकांनी ही दिव्याची गोष्ट जपून ठेवली, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटले. आमच्या घरी त्या रात्री दिवे होते, तेल होते, चार झबलीही होती. दार मात्र आम्हीच ओढून घेतले होते.

राबियेने लग्न केले नाही. झोपडीत राहून ती आयुष्यभर ईश्वराचे चिंतन करीत राहिली. तिच्या नावावर सांगितली जाणारी सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अशी आहे की ती एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन धावत निघाली. लोकांनी कारण विचारले तेव्हा म्हणाली, स्वर्गाला आग लावायची आहे आणि नरक विझवायचा आहे, म्हणजे लोक लोभाने किंवा भयाने भक्ती करणार नाहीत, देवासाठीच देवाला भजतील. गीतेच्या वाचकाला ही निष्काम वृत्ती ओळखीची आहे, आणि आपल्या जनाबाई-मुक्ताबाईंच्या पंक्तीला ही बाई कोठेही उपरी वाटणार नाही. परंतु हे वाचताना आम्हाला गीता आठवली नाही. आठवला तो कवळ्याच्या देवळातला आमचा नवस. मुलगा दे, मी अमुक वाहीन. हा तर बाजारातला सौदा होता! एका बसऱ्याच्या बाईने बाराशे वर्षांपूर्वी जी आग हातात घेतली होती तिची धग आम्हाला फोंड्यात लागली.

तिच्या नावाची थोरवी अजून ओसरलेली नाही. १९६३ साली इजिप्तमध्ये तिच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि त्यातली गीते उम्म कुलसूम या महान गायिकेने गायिली. कैरो शहरातल्या एका मशिदीला तिचे नाव आहे, आणि २०१५ पर्यंत तेथल्या चौकालाही होते. २०१३ साली ऑगस्टमध्ये त्या चौकात मोठा रक्तपात झाला, तेव्हा शोक करणाऱ्यांनी चार बोटे उभारण्याची खूण घेतली, कारण चौकाच्या नावाचा अर्थ 'चौथी'. ज्या शब्दाने एका दरिद्री घरात मुलगी केवळ मोजली गेली होती, तो शब्द असा कोठल्या कोठे पोहोचला.

येथे आम्हाला आमच्या आत्येविषयी लिहिले पाहिजे. आमचे आजोबा सावंतवाडीच्या मुलखात कारकून होते. त्यांना चार मुली झाल्या. आमचे वडील त्यांच्या पाठीवरचे. चौथ्या मुलीला घरात 'पुरो' म्हणत, म्हणजे आता पुरे झाले. पायाने किंचित अधू असल्यामुळे तिचे लग्न जमले नाही. ती आमच्या वडिलांबरोबर फोंड्याला आली, आम्हाला तिनेच वाढवले, आणि शिधापत्रिकेवरही तिचे नाव 'पुरो' असेच लागले. पंधरा वर्षांपूर्वी ती वारली. दहाव्या दिवशी भटजींनी पिंडासाठी गोत्र विचारले. ते आम्ही सांगितले. मग त्यांनी नाव विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. जिच्या मांडीवर आम्ही वाढलो तिचे नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते! 'पुरो' हा शब्द मंत्रात कसा घालायचा? अखेर कोणीतरी देवीला स्मरून 'शांता' म्हटले, आणि त्या उसन्या नावाने तिला निरोप दिला.

त्या षष्ठीच्या जागरणात आम्ही मोडीची पेटी उघडली आणि आजोबांची जमाखर्चाची वही काढली. आमच्या वडिलांच्या बारशाची साखर, कापड, दक्षिणा, वाजंत्री असा पानभर खर्च तीत लिहिलेला आहे. आत्येच्या जन्माची एकच ओळ सापडली: 'चवथी कन्या जाली'. पुढे खर्चाचा रकाना कोरा आहे. नाव नाही. म्हणजे आमच्या आत्येचे लिखित नाव काही असेल तर ते 'चवथी' एवढेच. अरबीत सांगायचे तर राबिया. शब्द तोच, अर्थ तोच. एका घराने तो पुरे झाल्याची खूण म्हणून लिहिला आणि दुसऱ्या घरातल्या आजीने तो थोरल्या नातीच्या कानात आशीर्वाद म्हणून सांगितला.

अशा आत्या केवळ आमच्याच घरी होत्या असे कोणी समजू नये. साताऱ्यात २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात 'नकोशी', 'नकुसा' अशी नावे असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. तो समारंभ चांगलाच झाला. परंतु इतक्या मुली त्या नावाने शाळेच्या हजेरीला 'उपस्थित' म्हणत होत्या, हे त्यामुळे पुसले जात नाही.

मग आम्ही विचार करू लागलो की 'चौथी' या शब्दाची आपल्याला एवढी भीती का? गोव्यात राहणाऱ्या माणसाने तर हे विचारूच नये. आमचा वर्षातला सर्वांत मोठा सण 'चवथ'. मुंबईला, आखातात, जगाच्या टोकाला गेलेला गोंयकार चवथीला घरी येतो. माटोळी बांधली जाते, भिंतींना रंग लागतो, रुसलेली भावंडे एका पंक्तीला बसतात. तिथींमध्ये चौथी आली तर आपण दारे उघडतो आणि मुलींमध्ये चौथी आली तर ओढून घेतो! आणि शास्त्राकडे वळावे तर जागृती, स्वप्न, सुषुप्ती या तीन अवस्थांपलीकडे जी चौथी, तीच आत्मस्वरूपाची. मांडूक्य उपनिषदाच्या अवघ्या बारा मंत्रांचा सगळा रोख त्या चौथीकडे आहे. तिला तुर्या म्हणतात. 'चतुर्' शब्दातला 'च' गळून आणि 'य' लागून 'तुर्य' झाला, आणि त्याचे स्त्रीरूप 'तुर्या'. संतवाङ्मयात हा शब्द जागोजागी भेटतो. म्हणजे जे नाव बसऱ्याच्या बापाने अरबीत ठेवले ते आपल्या ऋषींनी संस्कृतात कधीच घडवून ठेवले होते. फक्त आमच्या जमाखर्चाच्या वहीत ते पोहोचले नव्हते.

बारशाच्या आदल्या दिवशी आम्ही हे नाव सुचवले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, लोक अर्थ विचारतील." आम्ही म्हटले, "विचारू देत. चौथी म्हणून सांगावे." सूनबाई बाराव्या दिवसापर्यंत आमच्याशी फारसे बोलली नव्हती. ती दारातून म्हणाली, "मी सांगेन." त्या दोन शब्दांत तिने आम्हाला किती सुनावले ते आमचे आम्हाला ठाऊक.

पाळण्याला राबियाबायनी शिवलेली झालर होती. आत्येने मुलीच्या कानात कुर्र केले, नाव सांगितले, आणि ज्या दारावर आम्ही बारा दिवस कडी घातली होती त्याच दारातून वाड्यावर पेढे गेले. मुलीसाठी बर्फी हा प्रघात आम्ही त्या दिवशी पाळला नाही. सौ.नी पहिला पेढा गडग्यावरून पलीकडे नेऊन दिला. राबियाबायनी नव्या नावाचा अर्थ विचारला. सौ. म्हणाल्या, "तुमचेंच नांव, आमच्या भाशेंत." दोघी किती वेळ हसत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच कवळ्याला गेलो. मुलगा झाला तर जे वाहायचे बोललो होतो ते सर्व देवीपुढे ठेवले. ओळखीच्या पुजाऱ्यांनी विचारले, "नवस फळला म्हणायचा?" आम्ही म्हटले, "फळला." ते खोटे होते असे आम्हाला वाटत नाही. मात्र नवस हा शब्द त्यानंतर आमच्या तोंडून निघालेला नाही.

यंदाच्या पितृपक्षात भटजींनी नावे विचारली तेव्हा आत्येच्या वेळी आम्ही पुन्हा 'शांता'च सांगितले, कारण तेवढेच नाव तिला आमच्याकडून मिळाले आहे. जमाखर्चाच्या वहीतला तो कोरा रकाना भरण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही.

असो. आमची तिसरी नात आता साडेतीन वर्षांची आहे आणि नुकतीच अंक शिकली आहे. संध्याकाळी ती धाकटीला घेऊन बसलेल्या आजीच्या बाजूने सोप्याच्या पायऱ्या उतरते आणि मोठ्याने मोजते, "एक, दोन, तीन, तुर्या." तिच्या थोरल्या बहिणी तिला दुरुस्त करू पाहतात. आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे की ती चुकलेली नाही.